प्रिंटर गप्प आहे : १०६ तासांचा घटनाक्रम

ढाक्यात बांगलादेश बँकेच्या जोडइमारतीत आठव्या मजल्यावर एक बिनखिडकीची खोली होती. लांबी साधारण १२ फूट, रुंदी ८ फूट. आत ४ सर्व्हर, ४ मॉनिटर आणि एक प्रिंटर. बांगलादेशची ही मध्यवर्ती बँक 'स्विफ्ट'च्या जाळ्यावरून जगभरच्या बँकांना पैशांचे आदेश पाठवायची ती याच खोलीतून. आदल्या दिवशीचे सगळे व्यवहार तो प्रिंटर आपोआप छापून ठेवायचा. सकाळी येणाऱ्याने ट्रेमधले कागद उचलायचे, वाचायचे, हिशेबाशी जुळवायचे. देशाची परकीय गंगाजळी हाताळणाऱ्या त्या खोलीत रोज डोळ्यांना दिसणारा, हाताला लागणारा पुरावा तेवढाच होता.

फेब्रुवारी २०१६ मध्ये तो प्रिंटर गप्प झाला. पुढच्या पाच दिवसांत ८ कोटी १० लाख डॉलर मनिलामार्गे नाहीसे झाले.

हे मी मुदखेडच्या वाचकासाठी लिहितो आहे, कारण ढाका दूर असलं तरी ती खोली आपल्या ओळखीची आहे. नांदेड-लातूर पट्ट्यात नागरी बँका, पतसंस्था, तहसील कचेऱ्या, रुग्णालयं, महाविद्यालयं, सगळीकडे आता प्रिंटर नेटवर्कवर आले आहेत. मोठ्या संस्थेत त्यांची संख्या सहज शेकड्यांत जाते. सर्व्हर कोणता घ्यायचा यावर बैठकांवर बैठका होतात. प्रिंटरचा विषय मात्र शेवटच्या दहा मिनिटांत उरकला जातो: किती नग, टोनर कोण देणार, वार्षिक देखभाल (एएमसी) कोणाकडे. सर्व्हरच्या आराखड्यात प्रिंटरला जागा नसते. ढाक्यातही नव्हती.

मनिलातल्या बँका मंगळवार, ९ फेब्रुवारीला उघडल्या, ती वेळ मी शून्य तास धरली आहे. तेव्हा ढाक्यात सकाळचे सात वाजले होते असं समजू. खालच्या वेळा ढाक्याच्या आहेत. आपलं घड्याळ त्याच्या अर्धा तास मागे.

वर्षभर आधी

जानेवारी २०१५ मध्ये बँकेतल्या काही जणांना नोकरी मागणारा एक साधा मेल आला. पाठवणाऱ्याचं नाव रासेल अहलाम. बायोडेटा उतरवून घेण्यासाठी सोबत दुवा. कोणीतरी तो उघडला आणि चोर आत आले. मे २०१५ मध्ये मनिलाच्या मकाती भागात आरसीबीसी बँकेच्या ज्युपिटर स्ट्रीट शाखेत चार खाती उघडली गेली, प्रत्येकी ५०० डॉलर भरून. नंतर महिनोन्‌महिने त्या खात्यांत काहीच हललं नाही.

साध्या कर्मचाऱ्याच्या संगणकात शिरलेला चोर आठव्या मजल्यावरच्या त्या खोलीपर्यंत पोचला कसा? बांगलादेशच्या पोलीस तपासातून आलेलं उत्तर ऐकून अंगावर काटा येतो. फायरवॉल नव्हती. यंत्रं एकमेकांना जोडणारे स्विच जुने, वापरलेले, सुमारे १० डॉलरला एक या भावाचे होते.

स्वस्त स्विचचा दोष वेगाचा नसतो. त्याला भिंत घालता येत नाही, हा त्याचा दोष. त्याला जोडलेलं प्रत्येक यंत्र दुसऱ्या प्रत्येक यंत्राला दिसतं. ज्याला मॅनेज्ड स्विच म्हणतात त्यात एकाच डब्यातून वेगवेगळी जाळी काढता येतात: पैशांचे सर्व्हर एका जाळ्यात, कर्मचाऱ्यांचे संगणक दुसऱ्यात, प्रिंटर तिसऱ्यात. कोणी कोणाशी बोलायचं ते आपण लिहून द्यायचं. नेटवर्कची माणसं त्याला व्हीलॅन म्हणतात. हा फरक काही हजार रुपयांचा असतो. स्विच जुना होता आणि बदलायला हवा होता हे बँकेच्या प्रवक्त्यानेही मान्य केलं. स्विफ्टच्या अभियंत्यांनी तसा सल्ला दिला तो चोरी झाल्यावर, असं त्याचं म्हणणं.

गुरुवार, ४ फेब्रुवारी, रात्री साडेआठ : उरले १०६ तास

बांगलादेशात आठवडा गुरुवारी संपतो. शुक्रवार-शनिवार सुट्टी. माणसं घरी गेल्यावर चोरांनी बँकेच्याच अधिकृत ओळखीने स्विफ्टच्या सर्व्हरमध्ये प्रवेश केला. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा सकाळचे दहा वाजायला आले होते आणि फेडरल रिझर्व्ह बँकेत, जिथे बांगलादेशचे डॉलर ठेवलेले होते, कामकाज नुकतंच सुरू होत होतं. ३५ आदेश गेले. एकूण रक्कम ९५ कोटी १० लाख डॉलर.

पहिल्या खेपेला फेडने ते परत केले, कारण त्यांत मधल्या बँकांची नावं नव्हती. चोरांनी त्याच दिवशी दुरुस्त करून पुन्हा पाठवले. यावेळी पाच आदेश पार झाले. उरलेले ३० तपासणीत अडकले, आणि ते अडकण्याचं कारण निव्वळ योगायोगाचं होतं. मनिलाच्या शाखेच्या पत्त्यातला 'ज्युपिटर' हा शब्द इराणवरच्या निर्बंधांच्या यादीतल्या एका जहाज कंपनीच्या नावात होता. त्या एका शब्दाने ८५ कोटी डॉलर वाचवले. पाचातला एक आदेश श्रीलंकेतल्या शालिका फाउंडेशनच्या नावाचा, २ कोटींचा. त्यात फाउंडेशनचं स्पेलिंग चुकलं होतं. वाटेतल्या डॉइशे बँकेला शंका आली आणि ती रक्कमही वाचली. उरलेले चार आदेश, मिळून ८ कोटी १० लाख, मनिलाच्या त्या चार खात्यांकडे निघाले.

आता प्रिंटरकडे येऊ. प्रत्येक आदेशाची पोच सर्व्हरकडे परत येते, डेटाबेसात नोंदली जाते आणि छापली जाते. चोरांना हे ठाऊक होतं. त्यांनी बनवलेल्या प्रोग्रामचा अभ्यास ब्रिटनच्या बीएई सिस्टिम्सने एप्रिल २०१६ मध्ये मांडला. स्विफ्टच्या सॉफ्टवेअरमधल्या एका फायलीतले फक्त दोन बाइट बदलून चोरांनी आतली तपासणी निष्प्रभ केली होती. मग आपल्या आदेशांच्या नोंदी पुसायच्या, शिल्लक रकमेचे आकडे बदलायचे, प्रिंटरकडे निघालेल्या फायली वाटेतच गाठायच्या. तिजोरी फोडायची एवढाच बेत नव्हता, सकाळी कागद वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवरही पट्टी बांधायची होती.

माझ्या मते या साऱ्या प्रकरणाची नस इथे आहे. प्रिंटरला स्वतःची नजर नसते. सर्व्हर देतो तेच तो छापतो. ज्या सर्व्हरवर लक्ष ठेवायचं त्याच्याच हातून साक्षीदाराला निरोप मिळत असेल, तर सर्व्हर फितूर झाला की साक्षीदारही गेला. छपाईचं काम पैशांच्या सर्व्हरपासून वेगळ्या यंत्रावर असावं, आणि दिवसाचा गोषवारा दुसऱ्याच वाटेने, दुसऱ्याच यंत्रावर यावा. स्विफ्टने नेमकी अशीच सोय नंतर आणली. सप्टेंबर २०१६ मध्ये त्यांनी रोजच्या पडताळणी अहवालाची योजना जाहीर केली: बँकेने दिवसभरात काय पाठवलं याचा हिशेब स्विफ्टच स्वतःच्या नोंदींवरून वेगळ्या मार्गाने कळवणार. बँकेतला सर्व्हर खोटं बोलत असला तरी हा अहवाल खरं सांगतो. सात महिने आधी तो असता तर शुक्रवारी सकाळी सगळं उघड झालं असतं.

शुक्रवार, ५ फेब्रुवारी, पहाटे चार : उरले ९९ तास

न्यूयॉर्कमधला कामाचा दिवस संपत आला होता. चोर सर्व्हरमधून बाहेर पडले. त्यांचा प्रोग्राम मात्र आत जागा राहिला. फेडने काही आदेशांबद्दल विचारणा करणारे निरोप ढाक्याला पाठवले होते. ते निरोप छापले जाणार होते त्याच प्रिंटरवर.

शुक्रवार, सकाळी नऊ ते अकरा : उरले सुमारे ९४ तास

सुट्टीच्या दिवशीही पाळीवर माणसं येतात. कर्तव्यावरच्या अधिकाऱ्यांनी ट्रे पाहिला तर रिकामा. हाताने छापून पाहिलं, जमलं नाही. असं पूर्वीही झालेलं होतं. नेहमीचाच बिघाड असावा असं त्यांना वाटलं, आणि दुरुस्तीचं सहकाऱ्यांना सांगून अकराच्या पुढे ते निघाले.

त्या माणसांना दोष द्यायला माझं मन धजत नाही. मुदखेडात, भोकरला, उमरीला कोणत्याही बँकेत पासबुक भरायला जा. यंत्राला चिकटवलेला कागद दिसतो: प्रिंटर बंद आहे. आपण वळतो आणि उद्या येतो. कागद अडकतो, रिबन संपते, केबल निघते, रांग तुंबते. इतक्या वेळा इतक्या क्षुल्लक कारणांनी बंद पडणारं दुसरं यंत्र कचेरीत नसेल. त्यामुळे प्रिंटरच्या बंद पडण्याला अर्थ उरत नाही. चोरांनी नेमकी या सवयीवर भिस्त ठेवली होती. दिवे गेले असते, सर्व्हर कोसळला असता तर धावाधाव झाली असती. प्रिंटरसाठी कोणी धावत नाही.

आपल्या जंक्शनवर नियम उलटा आहे. परभणीकडून आलेली गाडी मुदखेडहून उमरी-धर्माबादच्या अंगाने निजामाबादला जायची असो की भोकर-किनवटवरून आदिलाबादला, पुढच्या स्थानकाने लाईन क्लिअर दिल्याशिवाय ती सुटत नाही. पलीकडून उत्तर आलं नाही तर सगळं ठीक असेल असं धरून स्टेशन मास्तर गाडी सोडत नाही. यंत्र बिघडलं असेल, तार तुटली असेल, माणूस जागेवर नसेल, कारण काहीही असो, उत्तर नाही म्हणजे रस्ता बंद. सिग्नलची यंत्रणा बिघडली तर ती लाल होईल अशीच बांधलेली असते. रेल्वेने अपघात सोसून शिकलेली ही शिस्त आहे. ढाक्यातल्या खोलीसाठी तसं एक वाक्य कोणीतरी लिहून ठेवायला हवं होतं: प्रिंटर गप्प असेल तर तो चालू होईपर्यंत एकही नवा आदेश जाणार नाही, आणि अर्ध्या तासात न्यूयॉर्कला फोन लागेल.

घड्याळं लावून पाहिलं की हळहळ वाढते. ढाक्यात शुक्रवारचे अकरा म्हणजे मनिलात दुपारचा एक. तिथे तो कामाचा दिवस होता, बँका उघड्या होत्या. न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र होती, पण ढाक्यात रात्रीचे आठ वाजेपर्यंत तिथेही शुक्रवारची सकाळ होऊन फेड उघडणार होती, आणि मग आठ तास हाताशी होते. शुक्रवारी दिवसभरात केव्हाही तो प्रिंटर बोलता झाला असता तर पलीकडे उत्तर द्यायला माणसं होती. पुढच्या तीन दिवसांत मनिलात ती नसणार होती. चोरांनी तारीख निवडली ती हे सगळं पाहूनच.

शनिवार, ६ फेब्रुवारी, पहाटे सहा : उरले ७३ तास

बीएईच्या अभ्यासातला एक तपशील मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. चोरांचा प्रोग्राम ६ फेब्रुवारीच्या सकाळी सहा वाजेपर्यंतच चालेल असा लिहिलेला होता. साक्षीदाराला किती तास गप्प ठेवलं म्हणजे पुरे, हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. बँकेने मात्र त्याला किती तास गप्प राहू द्यायचं हे कधीच ठरवलं नव्हतं.

शनिवार, सकाळी नऊ : उरले ७० तास

अधिकारी परतले. आता स्विफ्टचा प्रोग्रामच उघडेना. एक फाईल गहाळ आहे किंवा बदललेली आहे असा संदेश पडद्यावर येत राहिला. आता मात्र हे नेहमीचं दुखणं राहिलं नव्हतं.

शनिवार, दुपार : उरले ६६ तास

खटपट करून छपाई सुरू झाली आणि फेडचे अडकलेले निरोप एकामागून एक बाहेर पडले. या आदेशांचा खुलासा करा. ही देणी तुमचीच का? बँकेने असे आदेश दिलेच नव्हते. त्यांनी फेडला मेल केले, फॅक्स केला, फोन लावले. न्यूयॉर्कमध्ये शुक्रवारची रात्र सरून शनिवारचा दीड वाजला होता. तातडीच्या प्रसंगी रात्री-अपरात्री कोणाला उठवायचं, तो नंबरच ढाक्याकडे नव्हता. चोवीस तासांची खास फोनलाइन फेडने सुरू केली ती या प्रकरणानंतर.

रविवार, ७ फेब्रुवारी, सकाळ : उरले ४८ तास

ढाक्यात कामाचा आठवडा सुरू झाला, न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवारची सुट्टी चालू होती. बँकेच्या वरिष्ठांना चोरीचा अंदाज आला. पण पैसे थांबवू शकणारं कोणी पलीकडे नव्हतं.

सोमवार, ८ फेब्रुवारी : उरले २४ तास

ढाक्याहून आरसीबीसीला स्विफ्टवरून निरोप गेला: देणं थांबवा, पैसे परत करा, खात्यांत जमा झाले असतील तर गोठवा. त्या दिवशी फिलिपिन्समध्ये चिनी नववर्षाची सुट्टी होती. निरोप तसाच पडून राहिला.

मंगळवार, ९ फेब्रुवारी : शून्य

बँक उघडली. थांबवण्याचा निरोप आरसीबीसीपर्यंत पोचला तो याच दिवशी. पण तो अमलात येईपर्यंत ज्युपिटर स्ट्रीट शाखेने त्या खात्यांतून सुमारे ५ कोटी ८१ लाख डॉलर काढू दिले होते. पैसा पेसोत बदलला आणि मनिलाच्या कॅसिनोंत शिरला. काळ्या पैशाविरुद्धचा तिथला कायदा तेव्हा कॅसिनोंना लागू नव्हता, त्यामुळे माग तिथे तुटला. पुढे एका कॅसिनो-दलालाकडून सुमारे दीड कोटी डॉलर परत आले.

१५ मार्चला गव्हर्नर अतिउर रहमान यांनी राजीनामा दिला. शाखेच्या व्यवस्थापक माया देगितो यांना जानेवारी २०१९ मध्ये फिलिपिन्सच्या न्यायालयाने दोषी ठरवलं. उत्तर कोरियाच्या पार्क जिन ह्योक याच्यावर अमेरिकेने सप्टेंबर २०१८ मध्ये या चोरीचे आरोप ठेवले.

त्यानंतर, आपल्या बाजूला

रिझर्व्ह बँकेने २ जून २०१६ रोजी बँकांसाठी सायबर सुरक्षेची चौकट जारी केली आणि गंभीर घटना दोन ते सहा तासांत कळवण्याचं बंधन घातलं. तरीही फेब्रुवारी २०१८ मध्ये तमिळनाडूतल्या कुंभकोणमच्या सिटी युनियन बँकेत तीच युक्ती पुन्हा दिसली. स्विफ्टला जोडलेला प्रिंटर चोरांनी बंद पाडला आणि सुमारे २० लाख डॉलरचे तीन आदेश बाहेर धाडले. फरक इतकाच की दुसऱ्या दिवशी सकाळी हिशेब जुळवताना बँकेच्या माणसांच्या लक्षात आलं. दुबईकडे निघालेली ५ लाख डॉलरची रक्कम वाटेतच अडवली गेली. कागद नसतानाही त्यांनी जुळवणी केली, म्हणून नुकसान आटोक्यात राहिलं.

त्याच वर्षी ११ ऑगस्टला पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर घाला आला. दिवस दुसरा शनिवार. दुपारी तीन ते रात्री दहाच्या दरम्यान बनावट कार्डांवर देशोदेशीच्या एटीएममधून पैसे निघत राहिले आणि सोमवारी, १३ तारखेला, १३ कोटी ९२ लाख रुपये स्विफ्टवरून हाँगकाँगला गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. इथे सर्व्हर वेगळा आणि पद्धतही वेगळी, पण सुट्टीच्या दिवशी यंत्रांकडे कोणाचं लक्ष नसतं हा चोरांचा हिशेब तोच. जानेवारी २०२१ मध्ये नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेच्या खात्यातून सुमारे १४ कोटी रुपये परस्पर वळवले गेले. मुदखेडहून नांदेड गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास. ढाका दूर आहे असं म्हणायला आता जागा राहिलेली नाही.

प्रिंटरच्या बाजूने दुसरा धोका २०२१ मध्येच समोर आला. विंडोजमध्ये छपाईची रांग सांभाळणारी जी सेवा असते, प्रिंट स्पूलर, तिच्यातलं मोठं भगदाड त्या वर्षी जूनच्या अखेरीस उघडं पडलं. त्याला प्रिंटनाइटमेअर हे नाव मिळालं. स्पूलर जवळपास प्रत्येक विंडोज सर्व्हरवर मुळातच चालू असतो, छापायचं काहीही नसलं तरी. सगळ्यांचे पासवर्ड सांभाळणाऱ्या डोमेन कंट्रोलरवरही. म्हणजे साध्या कर्मचाऱ्याच्या खात्यावरून अख्ख्या संस्थेच्या किल्ल्या हाती लागण्याची वाट. मायक्रोसॉफ्टने ६ जुलैला नेहमीची तारीख सोडून तातडीची दुरुस्ती दिली. १३ जुलैला अमेरिकी सरकारने आपल्या खात्यांना डोमेन कंट्रोलरवरचे स्पूलर बंद करण्याचा आदेश काढला. पुढे १४ सप्टेंबरची दुरुस्ती आली, आपल्याकडे रात्री साडेदहाच्या सुमारास, आणि नंतर जगभरच्या कचेऱ्यांत सामायिक प्रिंटर छापेनासे झाले. पडद्यावर ११बी ने संपणारा एक त्रुटिक्रमांक. पुष्कळांनी रजिस्ट्रीतली एक नोंद शून्य करून छपाई परत मिळवली. ती नोंद म्हणजे नव्याने घातलेला अडसर होता, तो काढून टाकल्याचं त्यांतल्या अनेकांच्या गावीही नव्हतं. लोक रांगेत उभे असताना कोणीही हेच करेल. म्हणून दुरुस्ती आधी एखाद-दोन शाखांत लावून पाहायची, तिथे दोन दिवस छपाई नीट चालली की मग बाकीच्या ठिकाणी, हे आराखड्यात आधीच लिहिलेलं हवं.

समजा एखाद्या जिल्हाभर पसरलेल्या बँकेचे ३०० प्रिंटर आहेत, मुख्यालय नांदेडला आणि एक शाखा मुदखेडात. छपाईचे सर्व्हर दोन असावेत, एक बसला तर त्याच्या रांगा दुसऱ्यावर नेता येतील असे, आणि त्यांच्यावर दुसरं काहीही नसावं. बाकीच्या सगळ्या सर्व्हरवरचा स्पूलर बंद. छापायच्या फायली साठतात तो फोल्डर सी ड्राइव्हवरून हलवून वेगळ्या डिस्कवर न्यावा, नाहीतर एखाद्या शाखेने पाठवलेला भलामोठा अहवाल डिस्क भरून सगळ्यांना झोपवतो. ड्रायव्हर जितके कमी प्रकारचे तितकं बरं. जुन्या, हट्टी यंत्रांचे ड्रायव्हर वेगळे कोंडून चालवायची सोय विंडोज सर्व्हरमध्ये बऱ्याच वर्षांपासून आहे. त्यामुळे एक बिघडला तरी बाकीची छपाई चालू राहते. प्रत्येक प्रिंटरला कायमचा राखीव आयपी, आणि रांगेच्या नावात शाखा, मजला, टेबल कळेल असं काही. मुदखेडच्या काउंटरवरचा प्रिंटर आणि नांदेडच्या दुसऱ्या मजल्यावरचा प्रिंटर दोघांचंही नाव एचपी लेझरजेट असेल तर ग्राहकाचा खातेउतारा भलत्याच टेबलावर निघतो. प्रिंटरनी फक्त छपाईच्या सर्व्हरचंच ऐकावं, कोणत्याही संगणकाचं नाही. त्यांच्या स्वतःच्या वेबपानाचा कारखान्याने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा.

शाखेची लाइन बारीक असेल तर संगणकावरून थेट शेजारच्या प्रिंटरला छापू देता येतं, विंडोज सर्व्हर २०१२ पासून ती सोय आहे. मुदखेडची पावती नांदेडला जाऊन परत यायला नको. मात्र मग काय छापलं गेलं याची नोंद मुख्यालयात आपोआप राहीलच असं नाही, ती मुद्दाम मागवावी लागते. ती मागवा. कारण यातून अखेरीस हवी आहे ती तुलना: व्यवहार किती झाले आणि कागद किती निघाले. आरटीजीएसच्या टेबलावर सकाळी साडेनऊपर्यंत आदल्या दिवसाचा गोषवारा छापला गेला नाही, तर छपाईच्या सर्व्हरने आपणहून कळवावं. टोनर संपल्याचा निरोप बहुतेक प्रिंटर देतात. यायला हवा होता तो कागद आला नाही, हे सांगणारी व्यवस्था मात्र आपल्याला बसवावी लागते. आणि तो इशारा फक्त मेलवर जाऊ नये, फोनवर जावा, दोन माणसांच्या, सुट्टीच्या दिवशीही. पलीकडच्या मोठ्या बँकेत रात्री कोणाला उठवायचं ते नाव आणि नंबर त्याच पानावर लिहिलेले असावेत.

हे बसवून झालं की एकदा दुसऱ्या शनिवारी सकाळी नऊ वाजता, आधी न सांगता, त्या टेबलावरच्या प्रिंटरची केबल काढून ठेवावी. पहिला फोन किती मिनिटांनी वाजला ते घड्याळ लावून मोजावं आणि तो आकडा संचालक मंडळाच्या पुढच्या सभेच्या इतिवृत्तात नोंदवावा.